दाजींची हवा

काही गवयांचे तंबोरे जुळेपर्यंत श्रोत्यांचे दोन चहा होतात. आमचे दाजी त्याच घराण्यातले. फरक एवढाच, की त्यांचा तंबोरा चार चाकांचा आहे आणि तो अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या त्यांच्या गॅरेजमध्ये उभा असतो.

त्याला एटीव्ही म्हणतात. मोटारसायकलचं हँडल, फुगीर टायर आणि चिखल-दगडांतून जायची हौस. शेजारच्या वेस्ट व्हर्जिनियात अशा गाड्यांसाठी हॅटफिल्ड-मकॉय ट्रेल्स नावाचं हजार मैलांहून मोठं जाळं आहे, 2000 साली सुरू झालेलं. हॅटफिल्ड आणि मकॉय ही एकोणिसाव्या शतकात एकमेकांच्या जिवावर उठलेली दोन घराणी. दाजींचं वैर मात्र टायरमधल्या हवेशी.

मोटारीत तीस-पस्तीस पौंड भरतो, तशी हवा इथे चालत नाही. पाचच्या आसपास लागते. जास्त झाली की गाडी दगडावरून चेंडूसारखी उडते, फार कमी झाली की टायर रिमवरून निसटतो. पेट्रोल पंपावरच्या गेजला पाच पौंड धड कळतही नाहीत, म्हणून दाजींकडे शून्य ते पंधराचं खास गेज आहे. ते मखमली पिशवीत असतं. ताईचे कानातले साध्या डबीत असतात.

हवा सकाळी, टायर थंड असताना मोजायची. गेज लावताना फुस्सकन थोडी निसटते, म्हणून पुन्हा भरायची. भरली म्हणून पुन्हा मोजायची. चार टायर, प्रत्येकी चार फेऱ्या. ‘ह्यांची निम्मी हवा मोजण्यातच जाते,’ असं ताई म्हणते. ते फक्त टायरबद्दल आहे की नाही, मी विचारलेलं नाही.

मूळचे शॉकअप ठणठणीत होते. तरी दाजींनी हजारावर डॉलर घालून नवे बसवले. ‘शॉकअप काय, शॉक्स म्हण,’ ते मला म्हणाले. प्रत्येकाच्या पोटात नायट्रोजन, वर एक फिरकी, खाली एक. वरची दबण्याचा वेग ठरवते, खालची उसळून परत येण्याचा. फिरकी टक्‌ टक्‌ वाजते आणि दाजी डोळे मिटून टक्‌ मोजतात. त्या वेळी बोलायचं नाही. मी एकदा ‘चहा?’ विचारलं, तर शून्यापासून सुरुवात झाली.

मग सॅग. स्वार बसल्यावर गाडी किती दबते, ते माप. शॉकच्या एकूण हालचालीचा साधारण तिसरा हिस्सा दबली पाहिजे. त्यासाठी दाजी हेल्मेट, बूट, पाठीवर पाण्याची पिशवी अशा पूर्ण वेशात बंद गॅरेजमध्ये गाडीवर बसले आणि मी टेप घेऊन फरशीवर आडवा.

“किती?”

“दाजी, मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त.”

“शक्य नाही. मागच्या महिन्यातच लावलं होतं.”

“मधे दिवाळी झाली,” ताई स्वयंपाकघरातून म्हणाली.

दाजींनी उतरून पान्ह्याने स्प्रिंगची रिंग दोन फेरे आवळली. लाडवांचा डबा मात्र जागचा हलला नाही.

एवढं सगळं झाल्यावर एका शनिवारी आम्ही खरोखर ट्रेलवर गेलो. दाजी पुढे, मी भाड्याच्या गाडीवर मागे. माझ्या गाडीत किती हवा होती, देव जाणे. वाटेत नऊ-दहा वर्षांची पोरं लहान गाड्यांवरून चिखल उडवत आमच्या पुढे गेली. दाजींनी प्रत्येकाला हात करून वाट दिली. दर दगडापाशी थांबून त्यांनी तो न्याहाळला आणि बहुतेकांना वळसा घातला.

घरी आल्यावर त्यांनी टॉर्च काढला. शॉकच्या दांड्यावर त्यांनी प्लास्टिकची एक बारीक पट्टी आवळून ठेवली होती. शॉक जितका दबेल, तितकी ती सरकते. दिवसभरात ती जेमतेम दोन इंच सरकली होती. दाजी गंभीर झाले.

“बघ,” ते म्हणाले, “स्प्रिंग कडक आहे.”

नव्या, मऊ स्प्रिंगा मंगळवारी येणार आहेत. गाडी घेऊन तीन वर्षं झाली, मीटरवर 212 मैल आहेत.