पाव इंचाचा पंचनामा

अमेरिकेत 1990 साली झालेल्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्याखालील मानकांत असे नमूद आहे की, पदपथाच्या पातळीत पाव इंचापर्यंतचा, म्हणजे सुमारे सहा मिलिमीटरांचा, फरक क्षम्य समजावा; अर्ध्या इंचापर्यंत असल्यास कड तासून उतरती करावी; त्याहून अधिक असल्यास रीतसर उतार बांधावा. हा पाव इंच हुडकून काढण्यासाठी खोली मोजणारे कॅमेरे पदपथांवरून फिरविण्याचे प्रयोग परदेशी चालले आहेत, हे वाचल्यापासून मी खानापुरात पाव इंच शोधीत आहे.

तो सापडत नाही. गटारावर टाकलेल्या फरश्या हाच आमचा पदपथ. त्यांतील एक डुलते, दुसरी बेपत्ता, तिसरी कोणा दुकानदाराच्या पायरीत विलीन झालेली, आणि चौथी शाबूत असावी असा कयास आहे, कारण तिच्यावर मोटारसायकल उभी असते. या मुलखात अवघ्या पाव इंचाचा फरक कोठे आढळलाच, तर शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार करावा.

कॅमेऱ्याची करामत अशी की, तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश फेकतो आणि परतलेल्या किरणांवरून बिंदूबिंदूचे अंतर काढतो. 2010 साली निघालेला किनेक्ट नामक त्याचा एक पूर्वज दिवाणखान्यातील खेळांसाठी जन्मला होता, आणि घराबाहेरचे ऊन त्याला मुळीच सोसत नसे. साचलेले पाणी तर त्याच्या वंशजांनाही चकवते: किरण पाण्यात जिरतात किंवा भलतीकडे परावर्तित होतात, आणि चित्रात त्या जागी नुसती पोकळी उरते. आता मलप्रभा नदीचा उगम ज्या आमच्या तालुक्यात आहे, तेथे जूनपासून कोणता खड्डा कोरडा राहणार? यंत्र प्रत्येकापुढे थांबणार आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ असा शेरा मारून पुढे सरकणार. म्हणजे सरकारी चाकरीस लागणारी योग्यता त्याच्या अंगी उपजतच आहे.

पण मुळात माहिती हवी आहे कोणाला? बाजारातला खड्डा कोठे आहे हे शाळकरी पोरांना ठाऊक, दूधवाल्याला ठाऊक, अंधारात चालणाऱ्याच्या पायांनाही ठाऊक. कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषकांना तो सारख्याच निःपक्षपातीपणे पाडतो. आणि ज्या म्हातारीचा गुडघा त्यात फुटला, ती त्याची खोली मिलिमीटरांत नव्हे, टाक्यांत सांगेल! तो बुजवायला एक गवंडी, चार घमेली खडी आणि अर्धे पोते सिमेंट पुरते. पण एवढ्याशा कामाची निविदा निघत नाही, निविदेवाचून उद्घाटन नाही, आणि उद्घाटनावाचून आमच्याकडे काही घडत नाही. मोजणीचे तसे नसते. मोजणीला तरतूद असते, मुदतवाढ असते, परदेशी अभ्यासदौरा असतो, आणि अहवाल दप्तरी दाखल होईपर्यंत खड्ड्याला हात न लावण्याची सबळ सबब असते.

तोवर शेजारच्या चहावाल्याने स्वखर्चाने त्या खड्ड्यात एक फांदी रोवली आहे आणि तिच्या शेंड्याला लाल चिंधी बांधली आहे. कॅमेरा येईल तेव्हा पाण्याने भरलेला खड्डा त्याला दिसणार नाही. फांदी मात्र स्वच्छ दिसेल, आणि संपूर्ण बाजारपेठेतून एकच निर्विवाद नोंद होईल: ‘पादचाऱ्यांस अडथळा, उंची तीन फूट, तत्काळ हटविण्यात यावा.’ त्या हुकमाची अंमलबजावणी बहुधा त्याच दिवशी होईल.