मोडेमचे मुकादम

आमच्या बीडमध्ये मुकादम बदलला तरी ऊसतोड्याच्या हातातला कोयता सुटत नाही, अंगावरची उचलही फिटत नाही. घरोघरच्या मोडेममधल्या चिपचे तेच आहे. एकच धंदा बघा: सीमेन्समधून फुटलेल्या इन्फिनिअनने तो २००९ मध्ये विकला, तेव्हा त्याचे लँटिक झाले, २०१५ मध्ये इंटेलने घेतला, २०२० मध्ये मॅक्सलिनिअरच्या गळ्यात घातला. अवागो या चिप कंपनीने तर २०१६ मध्ये ३७ अब्ज डॉलर मोजून ब्रॉडकॉम गिळली आणि वर तिचेच नाव लावले. (मूळ पक्षाचे नाव लावण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही.)

परिणाम काय? मोडेम बनवणाऱ्यांना चिपसाठी मोजकीच दारे उरली. नवा मालक आला की जुन्या चिपचे सॉफ्टवेअर बहुधा अडगळीत जाते. डबा धडधाकट असतो, पण अनाथ. मग पाटोद्याच्या गिऱ्हाइकाला लाइन बघायला आलेल्या पोराकडून सल्ला मिळतो, ‘लाइन ठीक आहे काका, राउटरच बदला.’ कोण कोणाला विकले गेले, हे त्या पोरालाही कुठे ठाऊक! तेव्हा काका, पुढचा राउटर घेताना अँटेना मोजू नका. सुरक्षा अपडेट किती वर्षे देणार, ते बिलावर लिहून मागा.