शून्य रुपयांचे आरोग्य

आरोग्य अर्थशास्त्राचे उपकार मानावेत तेवढे थोडेच. घरखर्चातले 10 टक्क्यांहून अधिक पैसे औषधपाण्यावर गेले की त्या कुटुंबावर ‘आपत्तीजनक खर्च’ ओढवला, अशी जगन्मान्य मोजपट्टी आहे. पैशांअभावी जे दवाखान्याची पायरीच चढत नाहीत, त्यांच्या रकान्यात शून्य. म्हणजे ते सुखरूप! तेव्हा सरकारने एवढेच करावे: दवाखान्यांना कुलपे ठोकावीत. आपत्ती एका तिमाहीत नाहीशी होईल, आणि कुलपांचा खर्च तो काय.

हे गणित विद्यापीठात मांडणारा आमचा संशोधक अकरा महिन्यांच्या कंत्राटावर आहे. विमा नाही. दाढ कधीची ठणकते आहे, पण रूट कॅनालचा दर ऐकल्यापासून तो लवंग चावत बसला आहे. सर्वेक्षणाच्या तक्त्यात त्याचे कुटुंब पूर्णतः सुरक्षित आहे.