मत्स्यविनोदाचे चित्रण : जबलपूरच्या गळधाऱ्यांसाठी विधी आणि निषेध

नदीकाठी बसून गळाने मासा धरण्याचा प्रयत्न करणे आणि त्याच प्रयत्नाचे स्वतःच चित्रण करणे, या दोन्ही क्रिया एकाच माणसाला दोनच हातांनी कराव्या लागतात, ही या विद्येतील मूळ अडचण होय. अशा माणसाला प्रस्तुत विवेचनात ‘गळधारी’ म्हटले आहे. त्याच्या गळाला काही लागलेच पाहिजे, अशी अट या संज्ञेत नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाची गणना केलेली असून माशांच्या जाती, त्यांना घालायचा चारा आणि दोरी-काठीची लक्षणे तेथे सांगितली आहेत. चित्रणाविषयी मात्र हा ग्रंथ मौन पाळतो, कारण राजाने मासा धरला हे सांगायला दरबार होता आणि धरला नाही हे सांगायची कोणाची छाती नव्हती. दरबार नसलेल्या गळधाऱ्यासाठी अ‍ॅक्शन कॅमेरा, म्हणजे मुठीत मावणारा, पाण्याला न भिणारा आणि अंगावर बांधता येणारा कॅमेरा, निर्माण झाला.

या यंत्राची कुळकथा समजून घेतल्याशिवाय त्याचा स्वभाव कळत नाही. निक वुडमन या लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या अमेरिकन तरुणाने २००४ साली ‘गोप्रो’चा पहिला कॅमेरा बाजारात आणला, त्यात साधी फिल्म भरावी लागे आणि तो मनगटाला बांधता येई. लाटेवरच्या माणसाचे क्षणोक्षणी काही ना काही होत असते, त्यामुळे त्याचा कॅमेरा केव्हाही सुरू केला तरी चालतो. गळधाऱ्याच्या बाबतीत सकाळपासून दुपारपर्यंत काहीही न घडणे हाच नियम आहे, आणि नियमाचेच चित्रण करायचे तर सेकंदाला १०० मेगाबिट या दराने तासाला ४५ गिगाबाइट जागा लागते. म्हणजे ६४ गिगाबाइटचे कार्ड दीड तासाच्या आतच बुचाच्या हालचालींनी भरून जाते, आणि बॅटरी बहुधा त्याही आधी मान टाकते. मासा नेमका त्यानंतर लागतो. यावर उपाय म्हणून २०२० सालच्या नवव्या ‘हीरो’ कॅमेऱ्यात बटण दाबण्यापूर्वीची ३० सेकंदेही साठवून ठेवण्याची सोय करण्यात आली, जिला पश्चात्तापाचे यंत्रीकरण म्हणता येईल. मात्र ही सोय चालू ठेवायची तर कॅमेराही सतत जागा ठेवावा लागतो आणि बॅटरीचा प्रश्न होता तेथेच राहतो.

कॅमेरा कोठे बांधावा, याविषयी दोन संप्रदाय आहेत. शिरोपट्ट संप्रदायानुसार तो कपाळावर बांधला असता गळधारी जेथे पाहील तेथे कॅमेराही पाहतो. परंतु मासा ओढ घेतो त्या क्षणी गळधारी रिळाकडे पाहत असल्यामुळे मासा चौकटीबाहेर राहतो आणि रिळाचे उत्तम चित्रण होते. वक्षःपट्ट संप्रदायानुसार तो छातीवर बांधावा. मांडी घालून बसणाऱ्याच्या बाबतीत या पद्धतीने दोन गुडघे, त्यांच्यामध्ये डबा आणि डब्याच्या पलीकडे नर्मदेची एक चिंचोळी पट्टी असा परिणाम साधतो. जबलपुरी न्याहारीत खव्याच्या जिलबीचा समावेश झाला असेल, तर पाकाचे बोट भिंगाला लागून पुढील सर्व दृश्यांना जी स्वप्नवत झिलई येते, ती संकलनात काढता येत नाही. पाण्याचे थेंब ही वेगळी बाब आहे. कोरड्या काचेवर थेंब गोळा होऊन राहतो आणि दृश्याच्या मधोमध फुगतो. काच जिभेने ओलावली तर पाण्याचा पातळ पापुद्रा पसरतो आणि चित्र स्वच्छ येते. हा उपाय लाटांवरच्या मंडळींकडून आलेला आणि खरोखर गुणकारी आहे, परंतु घाटावर स्नानाला आलेल्या वडीलधाऱ्यांसमोर करण्याजोगा नाही.

मराठी घरांच्या दृष्टीने या विद्येचे महत्त्व जरा खोलात जाऊन पाहावे लागते. १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली असलेल्या या शहरात जी मराठी कुटुंबे रुजली, त्यांतील काहींच्या स्वयंपाकघरात मासा आजही शिजत नाही. अशा घरातील गळधारी पूर्वी मिळालेला मासा नावाड्याला देऊन रिकाम्या हाताने परते आणि रात्री जेवताना त्याचे शब्दांनी वर्णन करी. निसटलेला किंवा देऊन टाकलेला मासा प्रत्येक कथनागणिक वाढतो, हा या क्षेत्रातील सर्वमान्य सिद्धांत आहे, आणि त्या वाढीला दिवाणखान्यात बसलेल्या आत्याच्या भुवईखेरीज कोणतीच मर्यादा नव्हती. कॅमेऱ्याने ही वाढ खुंटवली, अशी तक्रार जुनी मंडळी करतात. ती निराधार आहे. अ‍ॅक्शन कॅमेऱ्याचे भिंग विस्तृत-कोनी असते, म्हणजे ते फार रुंद प्रदेश एका चौकटीत बसवते, आणि त्याच्या अगदी जवळची वस्तू मागच्या वस्तूंच्या मानाने अवाढव्य दिसते. तेव्हा वीतभर मृगळ दोन्ही हात पूर्ण लांबवून भिंगापुढे धरला तर मागे उभा असलेला सोबतीच लहान वाटू लागतो. मात्र बोटे माशाच्या मागे लपवावीत, कारण पुढे राहिलेला अंगठा वांग्याएवढा दिसतो आणि आत्याला तेवढा पुरावा पुरतो.

स्थळांची निवड करताना ग्वारीघाटाचा मोह टाळावा. तेथे भाविक कणकेच्या गोळ्या टाकतात, त्यामुळे मासे पुष्ट, निर्भय आणि पायरीपाशी हजर असतात. पण पुण्यासाठी पोसलेल्या माशापुढे गळ टाकणाऱ्याला संध्याकाळच्या आरतीची गर्दी काय म्हणेल, याची कल्पना केलेली बरी. काठी घरी ठेवून नुसता कॅमेरा उथळ पाण्यात दगडाच्या आधाराने बसवला, तर माशांचे सर्वांत चांगले चित्रण येथेच मिळते. यावरून काठी अनावश्यक ठरते, असा निष्कर्ष काही जण काढतात. गळधारी त्याकडे दुर्लक्ष करतो.

भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमध्ये कॅमेरा पांढऱ्या दगडाच्या प्रकाशाला भुलतो आणि गळधाऱ्याचा चेहरा काळवंडतो. पाण्यावरची चकाकी कमी करण्यासाठी ध्रुवीकरण-गाळणी लावावी, म्हणजे ठरावीक दिशेने कंप पावणारा परावर्तित प्रकाश अडवणारी काच. लंबाशी सुमारे ५३ अंशांचा कोन करून पाण्याकडे पाहिले असता ती सर्वाधिक काम करते. ध्वनीचा प्रश्न मात्र सुटत नाही. येथील नावाडी यमके जुळवीत जे अखंड समालोचन करतात, त्यात कडे, दऱ्या, ‘जिस देश में गंगा बहती है’चे चित्रीकरण आणि बोटीत बसलेल्यांची थट्टा असे सर्व येते, आणि ते बंद करण्याची कळ कॅमेऱ्यावर नसते. कड्यांवरच्या आग्या मोहोळांविषयी तर विनोदही सांभाळून करावा: जेम्स फोर्सिथ यांच्या १८७१ सालच्या मध्य भारतावरील पुस्तकात या माश्यांपासून सुटण्यासाठी पाण्यात उतरलेला रेल्वेचा एक अभियंता बुडाल्याची हकिकत आहे. तेथे धूर, आरडाओरडा आणि उंचावलेली सेल्फी-काठी वर्ज्य समजावी.

वरच्या अंगाला १९९० साली पूर्ण झालेले बरगी धरण आहे. त्याला २१ दरवाजे आहेत आणि ते उघडले की खालच्या घाटांवर पाणी चढते. वाळूच्या पट्ट्यावर तिपाई रोवून स्वतः झाडाखाली झोपलेल्या गळधाऱ्याची तिपाई नर्मदापुरमच्या दिशेने परिक्रमेला निघते. कॅमेऱ्याला तरंगता दांडा लावावा तो यासाठीच. जलाशयातील मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात, म्हणून परवानगीची चौकशी गळ टाकण्यापूर्वी करावी, चित्रफीत सर्वांना दाखवल्यानंतर नव्हे. आपल्याच गुन्ह्याचा इतका सुस्पष्ट पुरावा आपल्याच खर्चाने तयार करण्याची सोय पूर्वी कोणत्याही पिढीला नव्हती.

महाशीर, ज्याला या भागात बाडस म्हणतात, तो २०११ पासून मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे. वाहत्या, खडकाळ पाण्यात वाढणारा हा मासा धरणांमुळे अडलेल्या नदीत विरळ झाला आहे, आणि म्हणून तो चुकून लागलाच तर सोडून द्यावा. हात आधी ओले करावेत, म्हणजे त्याच्या अंगावरचे बुळबुळीत संरक्षक आवरण खरवडले जात नाही. त्याला पाण्यातच धरून चित्रण उरकावे आणि ‘आणखी एकदा’ असे म्हणू नये, कारण महाशीर हा नट नव्हे. या विधीने मासा जगतो, गळधाऱ्याच्या सहृदयतेची नोंद होते आणि फूटपट्टी लावण्याचा प्रसंगही येत नाही.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा प्रजननकाळ असल्याने मासेमारीला बंदी असते. हे ६१ दिवस संकलनाला द्यावेत, म्हणजे साठलेल्या बुचांमधून मासा शोधून काढावा, तो न सापडल्यास सूर्यास्त घालावा आणि वर बासरी लावावी. घरच्यांना दाखवताना एकूण लांबी चार मिनिटांपुढे जाऊ देऊ नये; पाचव्या मिनिटाला आत्या ‘अरे, मासा कधी येणार?’ असे विचारते, आणि उरलेली चित्रफीत त्या प्रश्नाच्या छायेत पाहावी लागते. १६ ऑगस्टला कार्ड रिकामे आणि बॅटरी भरलेली असावी. त्या दिवशी नर्मदा मात्र पुराने गढूळ असते आणि पाण्याखाली धरलेल्या कॅमेऱ्याला स्वतःचा दांडाही दिसत नाही, तेव्हा दसऱ्यापर्यंत बॅटरी पुन्हा एकदा भरून घ्यावी.