सत्तर अक्षरांचा निरोप

छत्री दुरुस्तीला टाकणारा मनुष्य ती परत न्यावयासही येतो, असा एक भाबडा समज गिरगावातील आमच्या वडिलोपार्जित दुकानाचे संस्थापक, म्हणजे आमचे आजोबा, यांनी आयुष्यभर उराशी बाळगला होता. परंतु गेल्या चैत्रात दुकानाचा पोटमाळा झाडावयास काढला, तेव्हा तेथील आडव्या बांबूवर वटवाघळांप्रमाणे उलट्या लोंबणाऱ्या 211 छत्र्या त्या समजाचे मूक खंडन करीत असलेल्या आढळल्या. प्रत्येकीच्या मुठीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती आणि तीवर दादाच्या वळणदार अक्षरात गिऱ्हाइकाचे नाव, मोबाइलचा क्रमांक, 'काड्या 2, कापडास टाका' असा रोगनिदानाचा तपशील व त्याखाली येणे रक्कम लिहिलेली होती. दादाने सर्व चिठ्ठ्यांची बेरीज केली. ती 18,640 रुपये भरली. एवढी रक्कम छपराला टांगून ठेवणारा दुसरा व्यापारी मुंबईत नसेल.

पहिला उपाय म्हणून वहिनींनी एकेकाला फोन करावयास प्रारंभ केला. तीन दिवसांत नऊ फोन झाले आणि त्यांतून चार बदललेले पत्ते, दोन ठरलेली लग्ने व गिरगाव सोडून बोरिवलीस राहावयास गेल्याचे एक सविस्तर दुःख एवढे निष्पन्न झाले. छत्री मात्र एकही जागची हलली नाही. तेव्हा माझा पुतण्या म्हणाला, "काका, एका मिनिटात सगळ्यांना एसएमएस जाईल. एखादा बल्क एसएमएसवाला गाठायचा, बस." गाठण्याची कामगिरी माझ्याकडे आली, कारण दुय्यम निबंधकांच्या कचेरीत चौतीस वर्षे खरेदीखते व गहाणखते नजरेखालून घातलेला मनुष्य कोणत्याही करारनाम्यातील मेख अचूक हुडकतो, असे दादाचे मत आहे. माझे मत असे आहे, की निवृत्त धाकट्या भावाला कामास जुंपण्यास दादाला कोणतीही सबब पुरते.

मी एका सायंकाळी, केवळ दराचा अंदाज घ्यावा म्हणून, एका ठिकाणी चौकशी करून दुकानाचा क्रमांक देऊन ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्या क्रमांकाला विश्रांती म्हणून मिळाली नाही. वास्तविक पुतण्याने फार पूर्वीच 1909 या क्रमांकावर संदेश धाडून आमचा फोन जाहिरातींच्या त्रासातून रीतसर सोडवून घेतलेला होता. परंतु 'सर, आमच्यामार्फत एकही नियमबाह्य निरोप जाणार नाही' असे जे आश्वासन मला दिवसातून सात वेळा मिळे, ते देणारी मंडळी साध्या दहा आकडी मोबाइलवरून, मी पानावर बसलो असताना, पूर्णतः नियमबाह्य रीतीनेच ते देत असत. ज्याला स्वतःचा निरोप कोणाला व केव्हा द्यावा हे कळत नाही त्याच्या हाती आपला निरोप सोपवावा काय, हा प्रश्न मी एकाला विचारलाही. त्याने मला दोन पैशांची सवलत देऊ केली.

या गर्दीतून तिघे दुकानाच्या पायरीपर्यंत पोचले. पहिल्याने दर सांगितला 9 पैसे, आणि शंभर टक्के निरोप पोचण्याची हमी दिली. "ज्यांचे फोन बंद असतील त्यांना?" मी विचारले. "त्यांनाही, सर," तो म्हणाला. "जे वारले असतील त्यांना?" त्याने क्षणभरही न अडखळता होकार दिला, तेव्हा दादाने त्याला चहा पाजून निरोप दिला. दुसरा गळ्यात पट्टा घातलेला, अत्यंत सुसंस्कृत तरुण होता. त्याने लॅपटॉप उघडून आमच्या व्यवसायाच्या भविष्याची रंगीत चित्रे दाखविली आणि मग महिन्याला किती लाख निरोप जातील असे विचारले. दादाने "दोनशे अकरा. एकदाच," असे सांगताच त्याने लॅपटॉप ज्या हळुवारपणे मिटला, तेवढ्या हळुवारपणे मी आजवर कोणाला छत्रीही मिटताना पाहिलेले नाही.

तिसरा मध्यमवयीन, किंचित त्रासिक चेहऱ्याचा गृहस्थ होता. त्याने काय होईल यापेक्षा काय होणार नाही याचीच यादी वाचली. जाहिरातीचा मजकूर असेल तर तो सकाळी दहाच्या आधी आणि रात्री नऊनंतर जाणार नाही. ज्यांनी जाहिराती नको म्हणून नोंदवले आहे त्यांना मुळीच जाणार नाही. क्रमांक जुने असतील तर काही बंद पडले असतील व काही भलत्याच माणसाकडे गेले असतील, कारण बंद केलेला क्रमांक किमान नव्वद दिवसांनंतर कंपनी दुसऱ्याला देऊ शकते. 'सबमिटेड' म्हणजे पोचला नव्हे, आणि 'डिलिव्हर्ड' म्हणजे फोनात पोचला, वाचला असे नव्हे. दर 18 पैसे. दुसरा निम्म्या दरात देतो हे मी निदर्शनास आणताच तो म्हणाला, "देत असेल. निम्मे पाठवायचे आणि बाकीच्यांचा रिपोर्ट घरी बसून लिहायचा, तर मलाही परवडेल." शेवटी त्याने दादाला असेही विचारले, की दोनशे अकरा माणसांसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा फोन का करीत नाही? दादाने वहिनींकडे पाहिले, वहिनींनी भिंतीकडे पाहिले, आणि सौदा तत्क्षणी पक्का झाला. आपले दुकान चालणार नाही अशा बेताने बोलणारा दुकानदार दादाला साठ वर्षांत प्रथमच भेटला होता.

येथवर मी समजत होतो, की निवड झाली म्हणजे काम झाले. परंतु दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2018 साली केलेल्या विनियमांप्रमाणे व्यापाऱ्याने आपली पेढी, आपले नाव आणि आपला मजकूर या तिन्हींची नोंद एका खतावणीत करावी लागते. ही खतावणी एकाच्या कपाटात न राहता सर्व मोबाइल कंपन्यांत वाटून ठेवलेली असते, आणि तीत नसलेला निरोप वेशीवरच अडविला जातो. 8 मार्च 2021 रोजी ही छाननी कडकपणे सुरू झाली तेव्हा खुद्द बँकांचे ओटीपी वाटेत अडकून पडले व देशभर असा हाहाकार उडाला, की प्राधिकरणाला ती सात दिवस तहकूब करावी लागली. जेथे बँकांची ही अवस्था, तेथे छत्रीवाल्याने अर्ज टाळून कसे चालेल? पॅन, जीएसटीचा दाखला, पेढीच्या शिक्क्यानिशी मुखत्यारपत्र, असे सारे दस्तऐवज मी रुजू केले. खरे सांगावयाचे तर निवृत्तीनंतर इतके मनासारखे दिवस मला क्वचितच लाभले. नोंदणीचे शुल्क करासह 5,900 रुपये पडले. 211 निरोपांचा खर्च 37 रुपये 98 पैसे. दादाने हे दोन आकडे पाटीवर एकाखाली एक लिहिले, थोडा वेळ पाहिले आणि ओल्या फडक्याने पुसून टाकले.

निरोप पाठविणाऱ्याचे नाव सहा रोमन अक्षरांत बसवावे लागते. 'छत्री' हा शब्द रोमन लिपीत मोठ्या नशिबाने नेमका सहा अक्षरांचा होतो, म्हणून मी तोच सुचविला. शेरा आला, 'पेढीच्या नावाशी संबंध दिसत नाही'. शेवटी आजोबांच्या आडनावातील सर्व स्वर काढून उरलेली व्यंजने रवाना केली आणि ती मंजूर झाली. आता आजोबा कोणालाही उच्चारता येत नाहीत, परंतु त्यांच्या पुढे मोबाइल कंपनी व इलाखा दर्शविणारी दोन अक्षरे आणि मागे सेवा दर्शविणारा 'एस' लागत असल्यामुळे ते एखाद्या पदवीधरासारखे दिसतात.

मजकुराचा मसुदा अर्थातच माझा होता. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' अशी सुरुवात करून, छत्री कोणत्या तारखेस ठेवली, तिच्यात कोणता दोष होता, तो कसा निवारिला, आणि ती न नेल्यास उभयपक्षी कोणती गैरसोय संभवते, हे सर्व मी एकाच वाक्यात, कोठेही श्वास न तोडता, लिहिले होते. पुतण्याने ते यंत्रात घालून मोजले व म्हणाला, "काका, 312. पाच मेसेजचे पैसे पडतील."

मग त्याने मला जे समजावून सांगितले त्याने माझी झोप उडाली. एका एसएमएसच्या पोटात 140 बाइट मावतात. इंग्रजीचे अक्षर सात बिटांत उरकते, म्हणून तेथे 160 अक्षरे बसतात. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून आपल्याला 70. त्यापुढे एक अक्षर गेले की निरोप तुटतो आणि प्रत्येक तुकड्यात 67च उरतात, कारण तुकडे जोडण्याची खूणही आपल्याच जागेत बसते. इंग्रजी मजकुरात रुपयाचे नवे चिन्ह एकवार जरी आले, तरी सारा निरोप 160 वरून 70 वर घसरतो. ती 160 ची मर्यादा तरी कोणी ठरविली? 1985 साली बॉन शहरी फ्रीडहेल्म हिलेब्रँड नावाच्या जर्मन अभियंत्याने टंकयंत्रावर बसून मनास येतील ती वाक्ये टंकली, अक्षरे मोजली, आणि मनुष्याला जे म्हणावयाचे असते ते बहुधा 160 अक्षरांत आटोपते असे अनुमान काढले. त्याने खरेदीखत टंकून पाहिले नाही, हे उघड आहे.

त्यातही मोजण्याची रीत पाहा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, प्रत्येकाचा आकार निराळा. 'श्री' हे डोळ्यांना एक अक्षर दिसते, यंत्राला चार. कारण श, र आणि वेलांटी यांच्याबरोबर जोडाक्षरात लपलेला, कोणाच्याही दृष्टीस न पडणारा हलन्तही तेथे मोजला जातो. कचेरीत आम्ही अनेक प्रकारची शुल्के वसूल केली, परंतु अदृश्य वस्तूवर शुल्क लावण्याचे धैर्य आमच्या खात्याला कधी झाले नाही. 'छत्री' पाच घरे खाते. 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' या चार शब्दांना 29 लागतात, म्हणजे नमस्कार करून मान वर करीपर्यंत जवळजवळ निम्मा निरोप संपतो. मला तारखात्याची आठवण झाली. तेथे निदान शुभेच्छांची ठरीव वाक्ये क्रमांकानिशी तयार असत. आपण क्रमांक सांगावा आणि पलीकडे वाक्य उमटावे. ते खाते 2013 च्या जुलैत बंद झाले, आणि त्यासमवेत शब्दांचे पैसे मोजण्याची विद्याही गेली असे मी समजत होतो. ती फक्त शब्दांवरून हलन्तावर आली होती.

चार रात्रींच्या काटछाटीनंतर उरले ते असे: 'आपली छत्री दुरुस्त झाली आहे. कृपया घेऊन जावी.' पंचेचाळीस. उरलेल्या पंचविसांत पावतीचा क्रमांक आणि पेढीचे नाव. 'कृपया'ची पाच घरे वाचवावीत असा पुतण्याचा आग्रह होता. तेथे मात्र मी हटलो नाही.

मसुदा दोनदा नामंजूर झाला. पहिल्या वेळी पेढीचे नाव विवक्षित जागी नव्हते. दुसऱ्या वेळी दादाने माझ्या नकळत शेवटी 'नवा माल आला आहे' असे जोडले होते, आणि सेवेच्या निरोपात जाहिरातीचा एक थेंब पडला की सारा निरोप जाहिरात ठरतो. माझे चौतीस वर्षांचे इभ्रतीचे नाव अशा रीतीने खतावणीत डागाळले. या सगळ्यात वैशाख संपून ज्येष्ठ निघाला. मुंबईत पाऊस सुरू होण्याची वेधशाळेची सरासरी तारीख 11 जून. आमची मंजुरी 19 जूनला आली, आणि तेव्हा दुकानापुढे घोटाभर पाणी होते. दादा मात्र प्रसन्न होता. ज्यांच्या छत्र्या आमच्या माळ्यावर लोंबत होत्या त्यांपैकी कित्येकांनी त्या आठवड्यात आमच्याकडूनच नव्या घेतल्या होत्या, आणि निरोप वेळेवर गेला असता तर त्या खपल्या नसत्या, हे त्याच्या आधी लक्षात आले व माझ्या मागाहून. तिसऱ्या गृहस्थाची निवड किती अचूक होती याबद्दल तो अजूनही माझी पाठ थोपटतो. मी निवडलेल्या मनुष्याचे श्रेय मला मंजुरीच्या विलंबापोटी मिळावे, हा न्याय मला पटत नाही. पण घरात मी हरकत नोंदविलेली नाही.

निरोप गेले. अहवाल आला तो त्या गृहस्थाने बजावल्याबरहुकूम: 164 पोचले, 38 पोचले नाहीत, 9 अधांतरी. तिसऱ्या दिवशी कल्याणहून एक अनोळखी सज्जन फोन पुढे करीत दुकानात शिरले. त्यांनी आमच्याकडे कधीही छत्री टाकलेली नव्हती. क्रमांक मात्र त्यांच्याकडे वर्षापूर्वीच आला होता. परंतु निरोपात 'आपली' असे स्वच्छ लिहिले आहे आणि बाहेर पाऊस आहे, या दोन मुद्द्यांवर त्यांनी आपला दावा मांडला. दादाने माझ्याकडे पाहिले. मी मसुदा पुन्हा वाचला. भाषेत खरोखरच कोठे पळवाट नव्हती, म्हणून त्यांना 2016 च्या चिठ्ठीची एक काळी छत्री दुरुस्तीचे 90 रुपये घेऊन देण्यात आली.

आजमितीस 23 छत्र्या गेल्या असून 188 शिल्लक आहेत. वाचकांपैकी कोणी गिरगावात छत्री दुरुस्तीला टाकल्याचे स्मरत असेल, तर त्यांनी ती घेऊन जावी. पावती हरवली असली तरी चालेल, दुकान सोमवारी बंद असते.