जहागीरदारांची वेणीफणी

स्वच्छतेचा सद्गुण अतिरेकाला गेला म्हणजे तो सद्गुणी प्राण्याच्याच पोटावर उठतो, हे ज्याला प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्याने अंगोरा जातीचा ससा पाळावा. आमच्या पुण्याच्या घरी असा एक आहे. मागल्या गॅलरीचा निम्मा भाग त्याने निव्वळ वहिवाटीने बळकावला असल्यामुळे घरात त्यास जहागीरदार म्हणतात. हे महाशय दिवसाचा बराच काळ जिभेने अंगप्रक्षालन करण्यात घालवतात आणि त्या भरात जे केस गिळतात, ते परत करण्याची तरतूद विधात्याने ठेवलेली नाही. मांजर ओकून मोकळे होते. सशाला ओकताच येत नाही. साध्या सशाचे वाळल्या गवताच्या रेट्यावर निभावते. पण ज्याचे केस महिन्याला दोन-अडीच सेंटीमीटर वाढतात आणि तीन-चार महिन्यांनी झडू लागतात, त्याचे आतडे तुंबले तर प्रकरण प्राणांतिक होऊ शकते. सबब, जहागीरदारांनी गिळण्यापूर्वीच ते केस फणीने वसूल करण्याचे काम रविवारी सकाळी माझ्या वाट्यास येते.

कान धरून उचलण्याची रीत चित्रांतच शोभते. एक हात छातीखाली आणि दुसरा पुठ्ठ्याखाली दिला नाही, तर मागचे पाय झाडून हा प्राणी स्वतःचाच कणा मोडून घेऊ शकतो. उताणा केला तर निपचित पडतो खरा, आणि पाहुणे कौतुकाने म्हणतातही, ‘‘किती लाड करून घेतोय!’’ परंतु ते सुख नसून भयाने आलेली स्तब्धता असते; म्हणून मांडीवर टॉवेल, टॉवेलावर जहागीरदार आणि त्यांच्या तोंडापुढे चिरीमिरीदाखल कोथिंबिरीची काडी, असा आमचा रिवाज आहे. पाठीवर हलकी फुंकर घालावी, की केस दुभंगून तळाशी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ गुलाबी त्वचा दिसते. कानामागे, हनुवटीखाली आणि काखेत जटा धरलेल्या असतात. त्यांना कात्री लावू नये, कारण जटेबरोबर त्वचाही वर ओढली जाऊन कापली जाते. चिमूटभर कॉर्नफ्लोअर भुरभुरून बोटांनीच गुंता मोकळा करावा लागतो. चालले आहे ते पसंत असले तर जहागीरदार दात हळूच कुरकुरवतात. नापसंत असले तर मांडीवरून उतरून मागचा पाय फरशीवर आपटतात आणि ती हरकत नोंदवून घेतल्यावाचून पुढील कामकाज चालत नाही.

जात थंड मुलखाची. कुलूच्या खोऱ्यात लोकरीसाठी तिची पैदास होते ती उगाच नव्हे. चैत्र लागला की फणीवर केस धरून ते आखूड करावेच लागतात, एरवी पुण्याचा उन्हाळा तिला सोसत नाही.

‘‘एवढा खटाटोप कशाला? शिकेकाई लावून न्हाऊ घाल की रे त्याला!’’ हा आमच्या आईचा कायमचा सल्ला. ओल्या केसांचा नमदा होतो आणि सशाला स्नानाचा धसका बसतो, हे मी तिला वारंवार सांगितले. पण पारोशा प्राण्याविषयीचे तिचे मत बदलले नाही. त्याच्या केसांविषयीचे मात्र बदलले. एकदा वाती वळता वळता तिने समोरच्या ढिगातली चिमूट उचलून बोटांत वळून पाहिली. ‘‘कापसाहून मऊ आहे, पण निसटते मेली,’’ एवढे म्हणून ती थांबली आणि मग तिने मूळ मुद्द्यालाच हात घातला : मेंढीच्या लोकरीची धाबळी जर सोवळ्यात चालते, तर सशाच्या लोकरीने काय घोडे मारले आहे?

सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींपुढे हा वाद रीतसर मांडण्यात आला. त्यांनी मेंढी आणि ससा या दोहोंचा तौलनिक विचार करून निर्णय पुढील खेपेपर्यंत तहकूब ठेवला. परंतु पूजा आटोपून ते पाटावरून उठले तेव्हा त्यांच्या कदाला मागील बाजूने इतकी लोकर चिकटलेली होती, की आईच्या मते निकाल लागलेला होता आणि तो तिच्या बाजूने होता.