एम.टीएच. करून करणार काय?

ठाण्याजवळच्या दिव्यातल्या एखाद्या पोरानं फार्मसी, सीए, गेला बाजार एमपीएससी सोडून ख्रिस्ती धर्मशास्त्रात एम.टीएच. करायचं ठरवलं, तर चाळीत पहिला प्रश्न देवाच्या अस्तित्वाचा निघत नाही, नोकरीचा निघतो. प्रश्न रास्तच आहे. आधी बी.डी., त्यात हिब्रू-ग्रीकची घोकंपट्टी, मग एम.टीएच.; आणि एवढं करून पदरात पडणाऱ्या पदवीचा सातबाराही अजब. शिकायचं पुण्यात बिबवेवाडीच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत, पदवी घ्यायची बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सेनेटची, आणि श्रीरामपूर कॉलेजला पदव्या वाटायची सनद दिलेली १८२७ साली डेन्मार्कच्या राजानं! १८४५मध्ये डेन्मार्कनं ते गाव इंग्रजांना विकून टाकलं, सनद मात्र शाबूत. बिल्डर गेला, ओसी राहिली. दिव्यात नेमकं याच्या उलट घडत असल्यामुळे इथल्या माणसाला याचं मोल लवकर कळावं.

तरीही हा अभ्यास मराठी माणसाच्या प्रकृतीला मानवणारा आहे, असं माझं मत आहे. कारण वरच्या इयत्तांत धर्मशास्त्र भक्ती कमी आणि वाद जास्त शिकवतं. पुरावा म्हणून नीलकंठशास्त्री गोरे घ्या. काशीतले हे चित्पावन पंडित पाद्र्यांची तोंडं बंद करायला निघाले. १८४४-४५च्या सुमारास त्यांनी ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. पण खंडन करायचं तर समोरच्याचं नीट वाचावं लागतं, आणि तिथंच घात झाला. १८४८ साली शास्त्रीबुवांचे नेहेम्या गोरे झाले आणि पुढे तीच धारदार लेखणी त्यांनी षड्दर्शनांवर चालवली. पक्ष बदलला, सवय सुटली नाही.

यावर भाविक मंडळी म्हणतील, एवढी चिकित्सा केली तर श्रद्धा उरेल का? पंडिता रमाबाईंची उरली. १८८३मध्ये इंग्लंडातल्या वाँटेजच्या मठात राहत असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या सिस्टरांना वाटलं असेल, झालं एकदाचं. कसलं काय! त्रैक्याचा सिद्धान्त बायबलात कुठे लिहिलाय, दाखवा. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृतनं काय घोडं मारलंय? पत्रापत्री चालूच. आपली विद्यार्थिनी गुरूंचीच तोंडी परीक्षा घेते आहे, हे त्या माउल्यांना किती सोसलं असेल, देव जाणे. याच बाईंनी पुढे केडगावात हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि १९२२मध्ये मरेपर्यंत त्यावरच खपल्या. न विचारता विश्वास ठेवणाऱ्याकडून इतकं काम होत असेल, तर दाखवावं.

दुसरा आक्षेप जास्त खमका : हे परक्यांचं शास्त्र, आपल्याला काय त्याचं? याला उत्तर द्यायला दिवा जंक्शनसारखी जागा नाही. इथून एक लाइन वसईला जाते, दुसरी पनवेलवरून कोकणात. ही दुसरी धरून खाली गोव्यात उतरलं, की फादर थॉमस स्टीफन्स भेटतात. या इंग्रज जेझुइटानं ‘क्रिस्तपुराण’ रचलं ते चक्क मराठी ओव्यांत, आणि १६१६ साली छापून घेतलं रोमन लिपीत. (मोबाइलवर रोमन अक्षरांत मराठी बडवणाऱ्यांनी उगाच नवेपणाचा आव आणू नये.) वसईच्या लाइनीवर फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, आणि २०२०मध्ये ते उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तेव्हा पाद्र्याला अध्यक्ष कसं केलं म्हणून काहींनी विरोध केला, चांगलं वाजलं. परकेपणाच्या आक्षेपाला हा विरोधच मला सर्वांत भक्कम उत्तर वाटतो. संमेलनाध्यक्षावरून भांडण झालं नसतं, तर हे गृहस्थ मराठी साहित्यातले आहेत की नाहीत, अशी शंका घ्यायला थोडीफार जागा होती.